मणिपूर १८९१ : युद्ध की बंड?

१/२४
१३ ऑगस्ट १८९१. इंफाळच्या पोलो मैदानावर सायंकाळी हजारोंचा जमाव उभा होता. त्यात स्त्रियांचा भरणा मोठा होता आणि त्यांनी पांढरी वस्त्रे परिधान केली होती. त्या दिवशी दोघांना फाशी द्यायची होती : एक चौतिशीतला राजपुत्र, दुसरा वयोवृद्ध सेनानी. पुरेशा स्त्रियांनी एकत्र येऊन दयेची याचना केली तर वध टळू शकतो, असा जुना रिवाज मणिपूरमध्ये होता असे सांगतात. त्या दिवशी वध टळला नाही.

२/२४
राजपुत्राचे नाव टिकेंद्रजित, सेनानीचे थंगल जनरल. टिकेंद्रजितवरील आरोपांत अग्रभागी होता तो 'महाराणीविरुद्ध युद्ध पुकारणे' हा. या शब्दांकडे नीट पाहावे. प्रजेने आपल्याच राजसत्तेविरुद्ध शस्त्र उचलले तर तो राजद्रोह ठरतो. परक्या राज्याने उचलले तर ते युद्ध. युद्धात हरलेल्याकडून प्रदेश घेता येतो, खंडणी घेता येते, त्याला कैदेतही ठेवता येते. पण शत्रूच्या सेनापतीवर राजद्रोहाचा खटला चालवता येत नाही. मग टिकेंद्रजित कोण होता? ब्रिटिशांचा प्रजाजन की दुसऱ्या राज्याचा सेनापती? आजचा धागा याच प्रश्नाचा आहे, आणि त्याच्या उत्तराचा संबंध केवळ मणिपूरशी नाही.

३/२४
प्रथम भूगोल. चहूबाजूंनी डोंगर आणि मध्ये सुपीक खोरे, असे हे राज्य. पश्चिमेला कछार, उत्तरेला नागा टेकड्या, पूर्वेला ब्रह्मदेश. इंफाळचा कांगला किल्ला हे राजसत्तेचे आणि श्रद्धेचेही केंद्र. अठराव्या शतकात येथील राजघराण्याने वैष्णव पंथ स्वीकारला. ज्याला आपण पोलो म्हणतो तो खेळ येथे 'सगोल कांगजेई' या नावाने पिढ्यान्‌पिढ्या खेळला जात होता. कछारमधल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी तो मणिपुरींकडूनच उचलला. ईस्ट इंडिया कंपनीशी या राज्याचा पहिला तह १७६२ सालचा.

४/२४
१८१९ ते १८२६ ही वर्षे मणिपूरच्या स्मृतीत 'चही तारेत खुनताकपा' म्हणजे 'सात वर्षांचा विध्वंस' या नावाने कोरली गेली आहेत. ब्रह्मी फौजांनी खोरे उजाड केले. असंख्य लोक मारले गेले, पळाले वा गुलाम म्हणून नेले गेले. राजपुत्र गंभीर सिंह याने कंपनीकडून पैसा व शस्त्रे घेऊन मणिपुरी तरुणांची फौज उभारली आणि ब्रह्मी सैन्याला हाकलले. १८२६ च्या यांदाबोच्या तहात, गंभीर सिंह आपल्या देशी परतू इच्छील तर ब्रह्मदेशाचा राजा त्याला तेथील राजा म्हणून मान्य करील, असे कलम घातले गेले. त्याला ब्रिटिशांचा मांडलिक म्हटल्याचे मात्र त्या कलमात नव्हते.

५/२४
पुढील पासष्ट वर्षे ही संदिग्धता तशीच राहिली. १८३५ पासून इंफाळमध्ये ब्रिटिश पोलिटिकल एजंट राहू लागला. १८५१ मध्ये कंपनी सरकारने राजा चंद्रकीर्ती सिंह याची गादी टिकवण्याची हमी दिली. पण मणिपूर ब्रिटिशांना खंडणी देत नव्हते. त्याचे सैन्य स्वतःचे, न्यायालये स्वतःची, कायदाही स्वतःचा. एका बाजूने पाहिले तर हे मित्रराज्य, दुसऱ्या बाजूने पाहिले तर आश्रित. शांततेच्या काळात असा प्रश्न अनुत्तरित राहिला तरी कोणाचे बिघडत नाही. तो प्रश्न न्यायालयात उभा राहतो तेव्हा मात्र त्याच्यावर माणसाचा जीव अवलंबून असतो.

६/२४
आणखी एक प्रसंग ध्यानात ठेवावा. १८७९ मध्ये अंगामी नागांनी कोहिमाच्या ब्रिटिश ठाण्याला वेढा घातला. आत अडकलेल्यांत स्त्रिया आणि मुलेही होती. तेव्हाचा पोलिटिकल एजंट जेम्स जॉन्स्टन मणिपूरचे सुमारे दोन हजार सैनिक घेऊन धावला आणि त्याने वेढा उठवला. त्या मोहिमेत तरुण टिकेंद्रजितही होता. चंद्रकीर्तीला सरकारने किताब देऊन गौरवले. ज्या राजपुत्राने ब्रिटिशांच्या सुटकेसाठी कूच केले होते, त्यालाच बारा वर्षांनी ब्रिटिशांनी फासावर चढवले.

७/२४
१८८६ मध्ये चंद्रकीर्ती सिंह निवर्तला. त्याला वेगवेगळ्या राण्यांपासून अनेक पुत्र होते. थोरला सुरचंद्र गादीवर आला आणि भावांमध्ये दोन तट पडले. एका तटाचा प्रमुख पाकासना, तर दुसऱ्याचा सेनापती टिकेंद्रजित. टिकेंद्रजित उत्तम पोलोपटू, धाडसी आणि लोकांचा लाडका होता. २१ सप्टेंबर १८९० च्या रात्री त्याच्या तटातील दोन धाकटे भाऊ शिड्या लावून राजवाड्यात शिरले आणि त्यांनी राजाच्या महालावर गोळीबार केला. सुरचंद्र निसटला आणि त्याने ब्रिटिश रेसिडेन्सीचा आश्रय घेतला.

८/२४
पोलिटिकल एजंट फ्रँक ग्रिमवुडसमोर सुरचंद्राने सांगितले, की आपण राज्य सोडून वृंदावनास तीर्थवासाला जात आहोत. तो निघाला, मात्र ब्रिटिश हद्दीत पोहोचताच त्याने राज्यत्याग नाकारला आणि गादी परत मिळावी म्हणून सरकारकडे अर्ज केला. इकडे दुसरा भाऊ कुलचंद्र गादीवर बसला आणि टिकेंद्रजित युवराज झाला. ग्रिमवुडचे टिकेंद्रजितशी स्नेहाचे संबंध होते. नवी राजवट लोकांना मान्य आहे, असेच त्याचे मत होते.

९/२४
निर्णय व्हाइसरॉय लॉर्ड लॅन्सडाऊन याच्या सरकारकडे गेला. सुरचंद्राला पुन्हा बसवावे, की कुलचंद्राला मान्यता द्यावी? महिनोन्‌महिने पत्रव्यवहार झाला आणि निघाला तो विलक्षण निकाल : कुलचंद्राला राजा मानावे, पण टिकेंद्रजितला मणिपुरातून हद्दपार करावे. म्हणजे बंडाचे फळ सरकारला मान्य होते. ज्याच्या बळावर ते फळ आले तो माणूस मान्य नव्हता. स्वतंत्र वृत्तीचा, फौजेवर आणि जनतेवर पकड असलेला युवराज सरकारला नको होता.

१०/२४
हे काम आसामचा चीफ कमिशनर जेम्स वॉलेस क्विंटन याच्याकडे आले. तो सुमारे ४०० गुरखा शिपाई आणि त्यांचा प्रमुख कर्नल स्कीन यांच्यासह २२ मार्च १८९१ रोजी इंफाळला पोहोचला. योजना अशी : रेसिडेन्सीत दरबार भरवायचा, राजासह सर्व भावांना बोलवायचे, सरकारचा हुकूम वाचून दाखवायचा आणि तेथेच टिकेंद्रजितला अटक करायची. ग्रिमवुडला ही योजना कळली ती अगदी आयत्या वेळी. दरबार म्हणजे परस्पर विश्वासाची जागा. तेथे बोलावून पाहुण्याला पकडणे हा हिंदुस्थानातील कोणत्याही संस्थानाच्या दृष्टीने उघड दगा होता.

११/२४
त्याच दिवशी दुपारी कुलचंद्र आणि टिकेंद्रजित रेसिडेन्सीच्या दारापर्यंत आले. पण हुकुमाचा अनुवाद अजून पुरा झाला नव्हता, म्हणून राजाला दारातच थांबवून ठेवण्यात आले. भर उन्हात तिष्ठत उभा राहिलेला टिकेंद्रजित प्रकृतीचे कारण सांगून परत फिरला. मग राजाला निरोप मिळाला, की युवराजावाचून दरबार होणार नाही. दुसऱ्या दिवशीच्या दरबाराला कोणीच आले नाही. ग्रिमवुड स्वतः राजवाड्यात जाऊन आला. टिकेंद्रजित आजारीच असल्याचे सांगण्यात आले. अनुवादाला झालेल्या त्या विलंबामुळे दरबारातील अटकेचा बेत फसला.

१२/२४
२४ मार्चच्या पहाटे गुरखा शिपायांनी कांगलामधील टिकेंद्रजितच्या निवासावर हल्ला चढवला. तो तेथे नव्हता. झुंजीत लेफ्टनंट ब्रॅकेनबरी प्राणघातक जखमी झाला. मणिपूरकडील माणसेही पडली. मग मणिपुरी सैन्याने रेसिडेन्सीवर तोफा डागल्या. क्रम लक्षात घ्या : युद्धाची घोषणा झाली नव्हती, राज्य ब्रिटिश मुलखाचा भाग नव्हते, आणि पहिला सशस्त्र हल्ला झाला तो राजधानीच्या किल्ल्यात, युवराजाच्या घरावर. बचाव पक्षाचा मुख्य आधार पुढे हाच होणार होता.

१३/२४
सायंकाळी तोफा थांबल्या. बोलणी करण्यासाठी क्विंटन, स्कीन, ग्रिमवुड, कॉसिन्स आणि लेफ्टनंट सिम्पसन हे पाच जण कांगलाकडे गेले. टिकेंद्रजितने शस्त्रे खाली ठेवण्याची मागणी केली, बोलणी फिसकटली. परतताना खवळलेल्या जमावाने त्यांना घेरले आणि ग्रिमवुड भाल्याने मारला गेला. उरलेल्यांना आधी आत ठेवले आणि नंतर राजवाड्यासमोर त्यांचा शिरच्छेद केला. तहाच्या बोलणीसाठी आलेल्यांची ही हत्या होती. दरबारातील दग्याचा बेत कितीही निंद्य असला, तरी या कृत्याचे समर्थन होत नाही. हुकूम कोणाचा होता, हा पुढे खटल्यातील कळीचा मुद्दा ठरला. आपली संमती नव्हती, हुकूम थंगल जनरलचा होता, असे टिकेंद्रजितचे म्हणणे होते.

१४/२४
त्याच रात्री उरलेल्या ब्रिटिश तुकडीने रेसिडेन्सी सोडून कछारचा रस्ता धरला. तिच्यात ग्रिमवुडची पत्नी एथेल होती. आपण विधवा झालो आहोत याची तिला तेव्हा कल्पनाही नव्हती. ही वार्ता पोहोचताच इंग्लंडात खळबळ उडाली आणि सूडाची मागणी झाली. कोहिमा, सिलचर आणि ब्रह्मदेशातील तामू अशा तीन दिशांनी तीन फौजा निघाल्या. त्याआधीच तामूहून लेफ्टनंट चार्ल्स ग्रँट अवघे ८० शिपाई घेऊन पुढे सरकला होता आणि थौबाल येथे त्याने कितीतरी मोठ्या मणिपुरी फौजेला थोपवून धरले. त्याबद्दल त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

१५/२४
तामूच्या वाटेवर खोंगजोम येथे मणिपूरने अखेरची मोठी झुंज दिली. एका बाजूला आधुनिक रायफली आणि डोंगरी तोफा, दुसऱ्या बाजूला जुन्या बंदुका, तलवारी आणि भाले. मणिपुरी तुकडी जवळजवळ जागच्या जागी कापली गेली. तिचा एक प्रमुख मेजर पाओना ब्रजवासी तेथेच पडला. त्याला शत्रूने शरण येण्यास सुचवले आणि त्याने ते नाकारले, अशी कथा मणिपुरात सांगितली जाते. ब्रिटिश लष्करी नोंदींत ही लढाई २५ एप्रिलची आहे. मणिपूर खोंगजोम दिन पाळते तो २३ एप्रिलला.

१६/२४
२७ एप्रिल १८९१ रोजी तिन्ही फौजा इंफाळात शिरल्या. कांगला रिकामा होता. राजा आणि त्याचे भाऊ डोंगरांत निघून गेले होते. महिनाभराचे युद्ध संपले. राजवाड्यासमोर 'कांगला शा' या सिंहासारख्या दोन भव्य पांढऱ्या आकृती होत्या. शिरच्छेद याच ठिकाणी झाला म्हणून ब्रिटिश सैनिकांनी त्या सुरुंग लावून उडवल्या. मणिपुरी माणसाच्या दृष्टीने त्या राज्याच्या रक्षणकर्त्या होत्या. एकेक करून सर्व प्रमुख पकडले गेले; टिकेंद्रजित २३ मे रोजी हाती लागला.

१७/२४
आता धाग्याच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. इंफाळमध्ये खास न्यायालय बसले : लेफ्टनंट कर्नल मिशेल आणि मेजर रिजवे हे दोन लष्करी अधिकारी, तिसरा मुलकी अधिकारी डेव्हिस. ज्या फौजेने राज्य जिंकले तिच्याच छावणीत हा खटला चालला. आरोपींना वकील मिळाला नाही. कारवाई त्यांना परक्या असलेल्या भाषेत आणि परक्या असलेल्या कायद्यानुसार झाली. जूनच्या मध्यापर्यंत टिकेंद्रजितला देहदंड ठोठावून झाला. कुलचंद्र आणि अंगौसना या भावांनाही तीच शिक्षा झाली. त्यांची पुढे जन्मठेपेच्या काळ्या पाण्यात रूपांतरित झाली.

१८/२४
कलकत्त्याचे नामवंत बॅरिस्टर मनमोहन घोष यांनी नंतर आरोपींच्या वतीने व्हाइसरॉयकडे सविस्तर निवेदन केले. त्यांचा युक्तिवाद सरळ होता. मणिपूर हे स्वतःचा राजा आणि स्वतःचा कायदा असलेले राज्य आहे. ते खंडणी देत नाही. त्याने आपले सार्वभौमत्व सोडून दिल्याचा एकही तह सरकारला दाखवता येत नाही. मग मणिपूरचा युवराज महाराणीचा प्रजाजन कसा? आणि प्रजाजन नसेल तर त्याने महाराणीविरुद्ध युद्ध पुकारले हा गुन्हा कसा? शिवाय हल्ला प्रथम कोणी केला? आपल्या घरावर चालून आलेल्यांचा प्रतिकार करणे हा युद्धात प्रत्येकाचा हक्क आहे.

१९/२४
हा प्रश्न मराठी मुलखालाही अनोळखी नव्हता. सोळा वर्षांपूर्वी, १८७५ मध्ये, बडोद्याच्या मल्हारराव गायकवाडांवर रेसिडेंट कर्नल फेअर याला विष देण्याच्या प्रयत्नाचा आरोप झाला. चौकशीसाठी तीन इंग्रज आणि तीन हिंदी सदस्यांचा आयोग नेमला गेला. हिंदी सदस्यांत ग्वाल्हेर व जयपूरचे महाराजे आणि सर दिनकरराव होते. मल्हाररावांसाठी इंग्लंडहून सार्जंट बॅलंटाइन हा नामांकित वकील आला. आयोगाचे मत दुभंगले. तरीही सरकारने गैरकारभाराचे कारण देऊन त्यांना पदच्युत केले आणि नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा एक लहान मुलगा दत्तक घेऊन गादीवर बसवला. तेच पुढचे सयाजीराव महाराज. बडोद्याला निदान आयोग आणि वकील मिळाला. मणिपूरला तेही मिळाले नाही.

२०/२४
लंडनमध्येही वाद पेटला. माजी व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांच्यासारख्यांनी दरबारात बोलावून अटक करण्याच्या बेतावर बोट ठेवले. भारतखात्याचा उपमंत्री जॉन गॉर्स्ट याने संसदेत सरकारची बाजू मांडताना भलतेच सत्य बोलून टाकले : सरकारांना स्वतंत्र बुद्धीची कर्तबगार माणसे नेहमीच खुपतात आणि आज्ञाधारक सामान्य माणसे आवडतात. टिकेंद्रजितला का हटवायचे होते, याचा याहून स्पष्ट कबुलीजबाब दुसरा नसेल. खुद्द व्हिक्टोरिया राणीला ही फाशी पसंत नव्हती, असे तिच्या पत्रव्यवहारावरून दिसते. ज्या महाराणीविरुद्ध युद्ध पुकारल्याचा आरोप होता, तिचेच मत निरुपयोगी ठरले. १३ ऑगस्टला फाशी झाली.

२१/२४
फाशीनंतर आठच दिवसांनी, २१ ऑगस्ट १८९१ रोजी, सरकारने राजपत्रात ठराव प्रसिद्ध केला. त्याचा आशय असा : हिंदुस्थान सरकार आणि महाराणीच्या आधिपत्याखालील देशी संस्थाने यांच्यातील संबंधांना आंतरराष्ट्रीय कायद्याची तत्त्वे लागू नाहीत. सरकारचे सर्वश्रेष्ठत्व मान्य केले की संस्थानांचे कनिष्ठत्व ओघानेच आले. म्हणून मणिपूरचा सशस्त्र प्रतिकार युद्ध ठरत नाही, तो बंड ठरतो. शिक्षा आधी अमलात आली आणि तिला आधार देणारे तत्त्व नंतर जगासमोर मांडले गेले. हा क्रम पाहिला म्हणजे तत्त्व कशासाठी रचले हे वेगळे सांगावे लागत नाही.

२२/२४
मणिपूर खालसा झाले नाही. तसे करण्याची गरजच उरली नव्हती. सुमारे पाच वर्षांच्या चुडाचांदला गादीवर बसवून कारभार ब्रिटिश अधिकाऱ्याच्या हाती दिला गेला. अडीच लाख रुपयांचा दंड बसला आणि वर्षाला ५०,००० रुपयांची खंडणी सुरू झाली. जे राज्य खंडणी देत नाही म्हणून घोष यांनी सार्वभौम म्हटले होते, त्याच्यावर आता खंडणीच लादली गेली. कुलचंद्र आणि त्याचे वीसहून अधिक साथीदार अंदमानला रवाना झाले. सेल्युलर जेल तेव्हा बांधलेही गेले नव्हते. त्यांना माउंट हॅरिएट येथे ठेवण्यात आले. अंदमान म्हटले की आपल्याला सावरकर आठवतात. त्यांच्या कितीतरी आधी मणिपूरचा राजा तेथे कैदी होता.

२३/२४
१८९१ च्या ठरावातील विचार पुढे सर्व संस्थानांना पुरला. हैदराबादच्या निजामाने वऱ्हाड परत मागितले. आपण ब्रिटिशांचे बरोबरीचे मित्र आहोत, अशी त्याची भूमिका होती. २७ मार्च १९२६ च्या पत्रात व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगने उत्तर दिले, की हिंदुस्थानात ब्रिटिश राजसत्ताच सर्वोच्च आहे आणि हे सर्वोच्चत्व केवळ तहांवर अवलंबून नाही. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा या मराठी जिल्ह्यांविषयीचा तो दावा ज्या तत्त्वाने निकालात निघाला, तेच इंफाळमधील फाशीच्या समर्थनार्थ राजपत्रात मांडले गेले होते. १५ ऑगस्ट १९४७ ला हे अधिराज्य संपुष्टात आले.

२४/२४
मणिपूर आपली गोष्ट विसरले नाही. 'खोंगजोम पर्व' हा ढोलकाच्या साथीने गायला जाणारा पोवाड्यासारखा गानप्रकार याच युद्धातून जन्मला. १३ ऑगस्ट हा तेथे देशभक्त दिन असतो. कांगला किल्ला आधी ब्रिटिश फौजेकडे आणि स्वातंत्र्यानंतर आसाम रायफल्सकडे होता. तो २० नोव्हेंबर २००४ रोजी राज्याच्या हाती परत आला आणि कांगला शा पुन्हा उभ्या राहिल्या. २०२१ मध्ये माउंट हॅरिएटचे नाव माउंट मणिपूर झाले. ब्रिटिश कागदपत्रांत १८९१ चा हा प्रसंग 'मणिपूरचे बंड' म्हणून नोंदला गेला. यापुढे कोणत्याही पुस्तकात 'बंड', 'उठाव', 'मोहीम' असे शब्द दिसले, की क्षणभर थांबावे आणि विचारावे : हे नाव कोणी दिले, आणि त्या नावामुळे कोणाला फाशी देणे सोपे झाले? धागा समाप्त.